न वापरलेल्या विजेचें बिल

शेतकऱ्याच्या घरीं जे कागद येतात त्यांपैकीं सर्वांत कमी वाचला जाणारा कागद म्हणजे विजेचें बिल होय. सातबाऱ्याचा उतारा तो पुन्हां पुन्हां न्याहाळतो, सोसायटीच्या कर्जाचा हिशेब तोंडपाठ ठेवतो, उसाच्या वजनाविषयीं वजनकांट्यावरच तंटा मांडतो. परंतु विजेचें बिल हातीं पडलें कीं खालचा आंकडा पाहून कंपनीच्या नांवानें दोन शब्द बोलतो आणि तो कागद देव्हाऱ्यामागें खोंचून देतो. शेतीपंपाची वीज पुष्कळ ठिकाणीं मीटरावांचून, पंपाच्या अश्वशक्तीवर आकारली जात आली आहे. त्यामुळें वीज मोजून घेण्याची संवय आपणांस थोडी. घरची वीज मात्र मोजूनच मिळते. घरांत दिवा नाहीं, पंखा नाहीं, आणि तरी मीटर पुढें सरकतो असें दिसलें म्हणजे मनांत तीनच तर्क उभे राहतात : मीटर खोटा, कंपनी लबाड, किंवा शेजारी चोर.

आमची सारी नोकरी महसुली दफ्तरांत गेली. निवृत्तीनंतर अर्ज लिहून घेण्यासाठीं आसपासच्या गांवांतील लोक आमच्याकडे येतात, आणि अलीकडे त्यांत विजेच्या बिलाचे अर्ज बरेच असतात. ते लिहितां लिहितां आमच्या असें ध्यानीं आलें आहे कीं वरील तीन तर्कांपैकीं एकही बहुधा खरा ठरत नाहीं. वीज खरोखरच गेलेली असते. मात्र कोठें गेली तें घरधन्यास ठाऊक नसतें. आणि ती जेथें जात असते ती जागा शोधून काढणें हें पैशापेक्षां जिवासाठीं अधिक निकडीचें असतें, असें आम्हांस या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम कागद वाचावा. बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असे दोन आंकडे असतात. चालूंतून मागील वजा करून येणारीं युनिटें बिलांत धरलेल्या युनिटांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहावें, आणि मग मीटरपाशीं जाऊन त्यावरील आजचा आंकडा वाचावा. बिलांतील चालू रीडिंग आजच्या मीटरवरील आंकड्याहून अधिक असेल तर वाचणाऱ्याची चूक उघड आहे. पुढील शोधाची गरजच उरत नाहीं. बिल सरासरीनें काढलें असल्यास तो आंकडा खपाचा नसून अंदाजाचा आहे. दोन-तीन महिन्यांचीं युनिटें एकदम एका बिलांत आलीं असतील तर तींही वेगळीं करून पाहावीं. कारण घरगुती विजेचा दर पहिल्या १०० युनिटांस एक, पुढें ३०० पर्यंत दुसरा, असा चढता असतो, आणि तीन महिन्यांचा खप एका महिन्यावर पडला तर वरच्या दराचा भुर्दंड बसतो. अशा वेळीं त्या त्या महिन्याची विभागणी मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे.

कागद बरोबर निघाला तर एक वही घ्यावी. सात दिवस सकाळीं उठल्याबरोबर आणि रात्रीं निजण्यापूर्वीं मीटरवरील आंकडा वहींत लिहावा, शेजारीं वेळ लिहावी, आणि त्या दिवशीं मोटार किती वेळ चालली, पाहुणे होते काय, पाऊस होता काय, इतकें टिपावें. हें काम कंटाळवाणें आहे खरें, परंतु आमचा अनुभव असा कीं या वहीनें निम्मीं प्रकरणें अर्जाविनाच मिटतात. रात्रीं दहापासून पहांटे पांचपर्यंत सारें घर निजलेलें असतां किती युनिटें पडलीं, हा या वहींतील मुख्य आंकडा होय. सतत ४० वॅट वीज जात राहिली तर ३० दिवसांत सुमारें २९ युनिटें होतात, आणि १०० वॅट जात राहिली तर ७२ युनिटें होतात. थेंबथेंब गळणाऱ्या नळानें हौद रिता व्हावा तसाच हा प्रकार आहे.

आतां मीटरची चाल पाहण्याची रीत सांगतों. हल्लींच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटास त्याची उघडझाप किती वेळां होते तें मीटरच्या दर्शनी पाटीवर छापलेलें असतें. पुष्कळ मीटरांवर हा आंकडा ३,२०० असतो, कांहींवर १,६००. एक युनिट म्हणजे १,००० वॅटचें उपकरण एक तास चालविण्यास लागणारी वीज. तेव्हां घरांतील बाकी सर्व बंद करून पाणी तापविण्याची १,००० वॅटची कांडी पाण्याच्या बादलींत सोडावी, चालू करावी, आणि घड्याळ लावून एक मिनिट उघडझाप मोजावी. ३,२०० च्या मीटरवर ती सुमारें ५३ भरली पाहिजे. चालू कांडीच्या पाण्यांत बोट घालून पाहूं नये, हें सांगावयास नको, पण सांगतों. खेड्यांत विजेचा दाब पुष्कळदां उतरलेला असतो, आणि दाब २३० ऐवजीं २१० असेल तर तीच कांडी कमी वीज घेते व उघडझाप ४४ च्या सुमारास येते. त्यावरून मीटर मंद आहे असें समजूं नये. ६५-७० उघडझापी होऊं लागल्या तर मात्र मीटरविषयीं शंका घेण्यास आधार आहे. याच्या उलट रीतही उपयोगी पडते : ३,२०० च्या मीटरवर दोन उघडझापींमध्यें जितके सेकंद जातात त्यांनीं १,१२५ ला भागलें कीं त्या क्षणीं किती वॅट जात आहेत तें कळतें.

मीटर बदलल्यावर बिल वाढलें अशी तक्रार तर सार्वत्रिक आहे. जुन्या मीटरांत ॲल्युमिनियमची चकती फिरत असे. वर्षांच्या धुळीनें व झिजेनें ती जड होई आणि थोड्या विजेस ती हालतच नसे; दूरदर्शनचा डबा, मोबाइल भारण्याचीं उपकरणें, घंटेचा रोहित्र यांची वीज फुकटांत जाई. नवा मीटर त्यांचीही मोजदाद करतो. यास मीटर धांवतो म्हणणें म्हणजे नव्या मोजणींत बांधाखालची जमीन पुढें आली म्हणून मोजणीदारावर रागावण्यासारखें आहे. तथापि वाढ दहा-पंधरा युनिटांची असेल तोंवरच हें उत्तर पुरतें. शंभराची असेल तर नाहीं.

चाल समजली कीं रिकाम्या घराची परीक्षा करावी. सर्व उपकरणांच्या पिना भिंतींतून काढाव्या, दिवे-पंखे बंद करावे, परंतु मेन स्विच चालू ठेवावा आणि मीटरचा दिवा पाहावा. तो स्थिर राहिला तर खप उपकरणांतच आहे. एकेक लावून कोणतें किती घेतें तें मोजावें. पिना काढूनही तो लुकलुकत राहिला तर घरांतील तारांतून वीज कोठेंतरी झिरपत आहे. आणि मेन स्विच पाडल्यावरही लुकलुकत राहिला तर गोष्ट मीटर आणि मेन स्विच यांच्या मधली आहे, किंवा दुसऱ्याच घरांतील आहे. हा शेवटचा प्रकार लोकांस अगदीं भुताटकीसारखा वाटतो, म्हणून तो सविस्तर सांगतों.

एका गांवीं दोघां भावांची वाटणी झाली. वाडा मधोमध भिंत घालून विभागला, चुली वेगळ्या झाल्या, आणि धाकट्यानें आपल्या भागास नवा मीटर घेतला. थोरल्याचें बिल पूर्वीं ९० युनिटांच्या आसपास येई. वाटणींत माणसें कमी झालीं, म्हणजे तें उतरावयास हवें होतें. पण तें चढून १९५ युनिटांवर गेलें. धाकट्याच्या घरीं नवा फ्रीज, नवा गीझर. थोरल्यानें ओळखलें कीं धाकट्यानें भिंतींतून आपली वीज ओढली आहे. बोलणें बंद झालें. आईस इकडून तिकडे जाण्याची चोरी झाली. दिवाळीस बहिणीनें कोणाकडे उतरावें यावरून तंटा झाला. अखेर थोरला आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, चोरीचा अर्ज लिहून द्या. कलम काय घालायचें तें तुम्हांलाच ठाऊक." कलम आम्हांस ठाऊक होतें, वीज कायदा २००३ मधील वीजचोरीचें कलम १३५ हें दंडाचें व कैदेचें आहे. सख्ख्या भावावर तें लावण्यापूर्वीं जागा पाहावी असें आम्हीं म्हटलें आणि त्याच सायंकाळीं गांवच्या वायरमनास घेऊन वाड्यांत गेलों.

थोरल्याचा मेन स्विच पाडला. घर काळोखांत गेलें, आणि मीटरचा दिवा सुमारें पंधरा सेकंदांनीं एकदां असा लुकलुकतच राहिला. म्हणजे ७५ वॅट. थोरला म्हणाला, "बघा." आम्हीं आईस पलीकडे पाठवून धाकट्याचा स्विच पाडण्यास सांगितलें. थोरल्याचा मीटर तत्काळ थांबला. चोरी सिद्धच झाली असें कोणासही वाटलें असतें. पण वायरमन जाणता होता. त्यानें धाकट्याचें घर पुन्हां चालू करून तेथील मीटरची चाल पाहिली : तेथें १५० वॅट, फ्रीज आणि एक पंखा, यांची नोंद बरोबर होत होती. जी वीज धाकट्याच्या मीटरांतून मोजून येत होती तिचीच अर्धी नोंद थोरल्याच्या मीटरांतही होत होती. चोरीच्या विजेची नोंद चोराच्या मीटरवर कशी होईल?

उलगडा असा. वीज फेजच्या तारेनें घरांत येते आणि न्यूट्रलच्या तारेनें परत जाते. वाडा विभागतांना ज्यानें जोडणी केली त्यानें फेजच्या तारा वेगळ्या केल्या, परंतु माळ्यावरील जुन्या पेटींत दोन्ही घरांच्या न्यूट्रल तारा एकत्र पिळलेल्या तशाच ठेवल्या. दिवे लागले, पंखे फिरले, कोणास कांहीं कळलें नाहीं. मात्र धाकट्याच्या घरांतून परत जाणाऱ्या विजेस आतां दोन वाटा मिळाल्या : अर्धी त्याच्या मीटरांतून, अर्धी थोरल्याच्या मीटरांतून. हल्लींचे एकफेजी मीटर येणारा आणि परत जाणारा असे दोन्ही प्रवाह मोजतात, आणि दोहोंत फरक पडल्यास जो अधिक असेल तो धरतात. वीजचोरांनीं जमिनींत सळई ठोकून परतीची वीज चुकवूं नये म्हणून ही योजना आहे. थोरल्याचें घर बंद असतां त्याच्या मीटरांत येणारा प्रवाह शून्य, परतीचा मात्र धाकट्याचा अर्धा. मीटरनें तो प्रामाणिकपणें मोजला. थोरल्याचा स्विच फक्त फेज तोडणारा होता, म्हणून तो पाडल्यानें न्यूट्रलच्या वाटेस कांहींच झालें नाहीं. आणि खरी मौज पुढेंच आहे : थोरल्याच्या घरांतील खपाचा कांहीं भाग याच न्यायानें धाकट्याच्याही बिलांत पडत होता, पण मीटर नवा, संसार नवा, त्यामुळें त्यास ताळा पाहण्यास जुनें बिल नव्हतें. दोघेही भाऊ एकमेकांचे पैसे भरीत नव्हते. दोघेही तीच वीज दोनदां विकत घेत होते.

वायरमननें पिळा सोडवून न्यूट्रल वेगळे केले आणि दोन्ही घरांस फेज व न्यूट्रल एकदम तोडणारे दुहेरी स्विच बसविले. काम अर्ध्या दिवसाचें. पुढील महिन्याचें थोरल्याचें बिल ९४ युनिटांचें आलें. तो अर्ज आम्हीं लिहिला नाहीं. भाऊ बोलूं लागले आहेत. पूर्वीसारखे नव्हे, पण बोलतात. वाटण्या झालेल्या घरांत, भाडेकरू ठेवलेल्या घरांत, आणि एका वाड्यास दोन-तीन मीटर असलेल्या प्रत्येक ठिकाणीं आमच्या वाचकांनीं ही एक गोष्ट जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. फेज व न्यूट्रल यांतील फरकाची खूण म्हणून पुष्कळ मीटरांवर एक वेगळा दिवा असतो किंवा पडद्यावर चिन्ह उमटतें; तें सतत दिसत असेल तर तपासणी लांबणीवर टाकूं नये.

दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. एका बागायतदाराच्या गोठ्यांत पावसाळ्याच्या आरंभापासून म्हैस दावणींत शिरेना. शिरली तरी लोखंडी कुंडांतील पाण्यास तोंड लावून मागें सरे. दूध उतरलें. दृष्ट काढली, पशुवैद्यास दाखविलें, वैरण बदलली. त्याच महिन्यांत घरच्या बिलांत ५८ युनिटांची वाढ झाली होती, पण दूध आणि बिल यांचा संबंध कोणाच्या मनांत येईना. आमच्याकडे अर्ज आला तो बिलाचा. रिकाम्या घराची परीक्षा केली. सर्व पिना काढल्या असतां मीटर चालतच राहिला. एकेक शाखेचा स्विच पाडीत गेलों, आणि गोठ्याचा स्विच पाडतांच दिवा थांबला. गोठ्याच्या दिव्याची तार पत्र्याखालून नेलेली होती. उंदरानें तिचें वेष्टण कुरतडलें होतें, आणि उघडी तार पत्र्याच्या लोखंडी कैचीस टेकली होती. कैचीच्या खांबाला कुंड बांधलेलें. पाऊस पडून जमीन भिजली कीं वीज खांबावाटे जमिनींत जाई.

येथें थोडा हिशेब करावा. ५८ युनिटें म्हणजे रात्रंदिवस सुमारें ८० वॅट, म्हणजे २३० च्या दाबानें सुमारें ०.३५ अँपियर. गोठ्याचा स्विच १६ अँपियरवर पडणारा. त्यास या झिरप्याचा पत्ताही लागणार नाहीं. परंतु माणसाच्या छातींतून याच्या दहावा हिस्सा प्रवाह कांहीं क्षण गेला तरी प्राणावर बेततें. म्हणूनच घरांत बसवावयाचे झिरपतोडे स्विच, ज्यांस दुकानदार आरसीसीबी म्हणतात, ते ०.०३ अँपियरवर पडतील असे केलेले असतात. आणि ०.०३ अँपियर सतत झिरपला तरी महिन्याचें बिल फार तर ५ युनिटांनीं वाढेल. अर्थात् झिरपलेली वीज बिलांत डोळ्यांस दिसूं लागते तेव्हां ती मारक मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेली असते. जनावरांस तर धोका अधिक : चार पाय लांब लांब टेकलेले, खूर उघडे, खालीं शेणमुताचा ओलावा. माणूस चप्पल घालून त्याच गोठ्यांत जातो आणि त्यास कांहींच जाणवत नाहीं. त्या घरची दहा वर्षांची मुलगी रोज अनवाणी त्याच कुंडांत पाणी ओतीत होती.

अशा झिरप्याचा शोध वायरमन दोन रीतींनीं घेऊं शकतो. चिमट्याचा मीटर फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांभोंवतीं एकदम धरला असतां आंकडा शून्य आला पाहिजे; जें कांहीं दिसेल तितकी वीज जमिनींत जात आहे. दुसरी रीत मेगरची : पुरवठा तोडून तारांच्या वेष्टणाचा रोध मोजतात, आणि तो एक मेगओहमहून कमी भरला तर ती शाखा बदलावी. ही परीक्षा उन्हाळ्यांत करून पुष्कळदां फसगत होते, कारण कोरड्या भिंतींत झिरपा दिसत नाहीं. ती भर पावसांत करावी. न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगच्या सळईवर दिवे लावून घेण्याची जी चाल खेड्यांत आहे तिच्याविषयीं आम्ही येथें इतकेंच म्हणूं कीं त्यायोगें मीटर फसत नाहीं आणि अर्थिंगला जोडलेलें प्रत्येक भांडें व पंप जिवंत होण्याचा संभव असतो.

उपकरणांतील खपाचें विवेचन आम्ही लांबवीत नाहीं. फ्रीजच्या दाराचें रबर सैल झालें आहे काय हें कागदाची पट्टी दारांत धरून ओढल्यानें कळतें. ती सहज निघाली तर रबर बदलावें. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कधींच पूर्ण भरत नाहीं आणि रात्रंदिवस वीज ओढते. विहिरींतून टांकी भरणाऱ्या मोटारीचा तळचा व्हॉल्व गळका असेल तर चढविलेलें पाणी पुन्हां विहिरींत उतरतें व मोटार तेंच पाणी दोनदां चढविते. हें शेतकऱ्यास सांगावें लागूं नये, परंतु पंप घरच्या मीटरवर आहे याचाच पुष्कळांस विसर पडलेला असतो.

एवढें करूनही मीटरवरच संशय राहिला तर अर्ज करावा. मीटरचें सील मात्र स्वतः किंवा ओळखीच्या कारागिराकडून उघडूं नये. तुटलेल्या सीलाचा जबाब देणें हें वाढलेल्या बिलाहून पुष्कळ महाग पडतें. अर्जांत ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, सात दिवसांचीं रीडिंगें वेळेसह, आणि कांडीच्या परीक्षेचा आंकडा लिहावा. "बिल फार येतें" असा मोघम अर्ज दफ्तरांत कोठें जातो हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. शुल्क भरून मीटरची तपासणी मागतां येते. ती लौकर मागावी. कारण मीटर सदोष ठरला तरी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणें बिलाची दुरुस्ती तंटा उपस्थित झाल्याच्या महिन्यापूर्वींच्या अधिकांत अधिक तीन महिन्यांपुरतीच होते. दरम्यान पुरवठा तुटूं नये म्हणून वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्यें एक सोय आहे, तिची माहिती फार थोड्यांस असते : बिलाची मागणी किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती हरकत नोंदवून भरली तर तंट्याचा निकाल होईपर्यंत वीज तोडतां येत नाहीं. याच कलमान्वये दोन वर्षांहून जुनी थकबाकी, ती सतत बिलांत दाखविली नसल्यास, वसूल करतां येत नाहीं. कंपनीकडून दाद न मिळाल्यास त्याच कायद्याच्या कलम ४२ प्रमाणें ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. या प्रत्येक ठिकाणीं पहिला प्रश्न मूळ अर्जाच्या पोचेचा विचारला जातो, म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतल्यावांचून खिडकीपासून हलूं नये.